अपस्मार–संशोधन : प्रगती व पुढील दिशा

अपस्मार–संशोधन : मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या विद्युत् क्रियेत अकस्मात व अनावर वाढ होऊन पुनःपुन्हा झटके येण्याची जी प्रवृत्ती निर्माण होते, तिला अपस्मार म्हणतात. फेफरे, मिरगी व घुरे ही या विकाराची मराठीतील रूढ नावे असून बोलण्यात ‘फिट येणे’ वा ‘आकडी येणे’ असेही म्हटले जाते. झटका आणि अपस्मार या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. लहान मुलांना तीव्र तापात किंवा एखाद्यास रक्तातील साखर एकदम कमी झाल्यास झटका येऊ शकतो. तेवढ्यावरून त्यास अपस्मार आहे असे ठरत नाही. उघड कारणावाचून, किमान २४ तासांच्या अंतराने दोन झटके आले, अथवा एकाच झटक्यानंतर पुढील दहा वर्षांत तो पुन्हा येण्याची शक्यता किमान ६०% असली, म्हणजे अपस्माराचे निदान करावे, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१४ मध्ये स्वीकारली. झटका हे लक्षण आणि अपस्मार ही त्यामागील प्रवृत्ती होय. गेल्या सु. पावणेदोनशे वर्षांच्या संशोधनाने लक्षण आवरण्यात मोठे यश मिळविले. मूळ प्रवृत्तीला मात्र ते अगदी अलीकडे हात घालू लागले आहे. या संशोधनाचा इतिहास पाहताना हा भेद पदोपदी आठवावा लागतो.

जगात सु. ५ कोटी लोकांना हा विकार असून त्यांपैकी जवळजवळ चार-पंचमांश लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. हा विकार कोणत्याही वयात उद्‌भवू शकत असला, तरी बालपण आणि उतारवय या दोन काळांत त्याचे प्रमाण अधिक असते.

प्राचीन कल्पना : बॅबिलोनियातील ‘सकिक्कू’ या इ. स. पू. अकराव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या निदानग्रंथात झटक्यांचे अनेक प्रकार बारकाईने नोंदलेले आहेत. कारण म्हणून मात्र प्रत्येक प्रकारामागे एखादे भूत वा देवता सांगितलेली आहे. निरीक्षण अचूक आणि कारणमीमांसा भ्रामक, हा प्रकार या विषयात पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. ग्रीसमध्ये इ. स. पू. ४०० च्या सुमारास हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील वैद्यांनी या ‘पवित्र रोगा’त पवित्र असे काही नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन केले. आयुर्वेदात चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. स्मृतीचा अपगम हा त्या नावाचा अर्थ. वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार मानले असून उन्मादापासून तो वेगळा काढलेला आहे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची होय, कारण यूरोपात हे दोन विकार एकोणिसाव्या शतकापर्यंत एकाच आश्रमात आणि पुष्कळदा एकाच सदरात ठेवले जात.

लोकव्यवहारात मात्र भूतबाधेची कल्पना टिकून राहिली. महाराष्ट्रात झटका आलेल्या व्यक्तीस कांदा वा वहाण हुंगविण्याची अथवा तिच्या मुठीत लोखंडी किल्ली देण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्यामुळे त्या वेळी जे केले जाईल त्याला यशाचे श्रेय मिळते. तोंडात चमचा घालणे हा त्यांतील खरा घातक प्रकार असून त्याने दात मोडतात व श्वासमार्ग अडतो. व्यक्तीस कुशीवर वळविणे, डोक्याखाली मऊ काही ठेवणे आणि वेळ मोजणे एवढेच करावयाचे असते. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

ब्रोमाइड ते फेनिटॉइन : ज्यावर विश्वास ठेवावा असे पहिले औषध चुकीच्या समजुतीतून मिळाले. राणी व्हिक्टोरिया यांचे प्रसूतिवैद्य चार्ल्स लोकॉक (१७९९–१८७५) यांनी ११ मे १८५७ रोजी लंडनमधील वैद्यकीय सभेत, दुसऱ्याच्या निबंधावर बोलताना, पोटॅशियम ब्रोमाइडाचा अनुभव सांगितला. स्त्रियांमधील काही प्रकारच्या फेफऱ्याचा संबंध मासिक पाळीशी व कामवासनेशी आहे अशी तेव्हाची समजूत होती, आणि ब्रोमाइडाने वासना शमते असा बोलबाला होता. लोकॉक यांनी ते चौदा-पंधरा स्त्रियांना दिले व एक अपवाद वगळता सर्वांना गुण आला, असे त्यांनी नमूद केले. समजूत खोटी ठरली, औषध खरे ठरले. पुढील अर्धशतक ब्रोमाइड टनावारी वापरले गेले. त्याने झटके कमी होत; पण गुंगी, अंगावर पुरळ व बुद्धिमांद्य ही त्याची किंमत असे.

याच काळात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन (१८३५–१९११) यांनी रोग्यांच्या केवळ निरीक्षणातून अपस्माराची आधुनिक कल्पना मांडली. एखाद्या रोग्याचा झटका हाताच्या अंगठ्यापासून सुरू होऊन क्रमाने मनगट, दंड व चेहरा असा पसरतो, हे त्यांनी पाहिले. यावरून मेंदूच्या बाह्यकात शरीराचे भाग कोणत्यातरी क्रमाने प्रतिनिधित्व पावलेले असले पाहिजेत आणि झटका म्हणजे करड्या द्रव्यातील एका ठिकाणच्या कोशिकांचा अचानक व अतिरिक्त विसर्ग असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला (१८७०–७३). विजेचे मोजमाप करणारे एकही साधन त्यांच्यापाशी नव्हते. १८७० मध्येच जर्मनीत गुस्टाफ फ्रिच व एडुआर्ट हिट्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठराविक भागांना विद्युत् प्रवाह देऊन विरुद्ध बाजूचे अवयव हलविले आणि जॅक्सन यांच्या अनुमानाला प्रायोगिक आधार मिळाला. १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्सली (१८५७–१९१६) यांनी बालपणी डोक्याला इजा झालेल्या एका तरुणाच्या मेंदूतील व्रण, झटक्याच्या आरंभस्थानावरून जागा ओळखून, शस्त्रक्रियेने काढला. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हा अद्याप नऊ वर्षे अवकाश होता.

दुसरे औषधही योगायोगाने हाती आले. जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे आल्फ्रेट हाउप्टमान (१८८१–१९४८) या तरुण डॉक्टरांनी अपस्माराच्या रोग्यांना शांत झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटोन हे त्या वेळी नवे असलेले निद्राकारक औषध दिले आणि झोपेबरोबर दिवसाचे झटकेही कमी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी हे १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी हे औषध वापरात असून जगातील कित्येक गरीब भागांत आजही तेच एकमेव परवडणारे औषध आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी उपवासाचा परिणाम साधणारा, भरपूर स्निग्ध व अत्यल्प कर्बोदके असलेला आहार सुचविला. औषधे वाढली तसा तो मागे पडला व १९९० नंतर हट्टी बालअपस्मारासाठी पुन्हा पुढे आला.

मेंदूतील वीज प्रत्यक्ष नोंदविण्याचे श्रेय येना येथील हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांना आहे. त्यांनी मानवी विद्युत् मस्तिष्कालेख १९२४ मध्ये घेतला, पण स्वतःच्या निष्कर्षांवर विश्वास बसण्यास पाच वर्षे लागली व ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरही तंत्रिकाविज्ञांनी त्यांकडे संशयाने पाहिले. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्‌गर एड्रिअन व ब्रायन मॅथ्यूज यांनी खातरजमा केल्यावर जगाने ते मान्य केले. १९३५ मध्ये बॉस्टन येथे फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस व विल्यम लेनॉक्स यांनी क्षणभर शून्यात पाहत राहणाऱ्या मुलांच्या आलेखात सेकंदास तीन या गतीने येणारे टोकदार काटे व लहरी दाखवून दिल्या. वर्गात लक्ष नसलेले म्हणून शिक्षा होणारे मूल प्रत्यक्षात झटका अनुभवत असू शकते, हे त्यामुळे प्रथमच कागदावर दिसले.

बॉस्टनमध्येच ट्रेसी पुट्‌नम व हूस्टन मेरिट यांनी योगायोगावर न विसंबता औषध शोधण्याची पद्धत उभी केली. मांजरांना विजेचा धक्का देऊन झटका आणावयाचा आणि कोणत्या संयुगाने धक्क्याची मर्यादा वाढते ते मोजावयाचे, अशी ती पद्धत होती. अनेक संयुगे तपासल्यावर फेनिटॉइन सर्वांत प्रभावी ठरले. ते हाइन्रिख बिल्ट्स यांनी १९०८ मध्येच तयार केले होते. झोप आणीत नाही म्हणून निद्राकारक औषधांच्या शोधात ते बाजूला पडले होते. हाच दोष येथे गुण ठरला. १९३८ मध्ये त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुंगी आणल्यावाचून झटका थांबविता येतो हे सिद्ध झाल्याने, मेंदूची सर्व क्रिया मंदावणे हाच उपाय ही समजूत निकालात निघाली.

तथापि या पद्धतीत एक मर्यादा दडलेली होती. निरोगी प्राण्यास धक्का देऊन आणलेला झटका जे थांबवील तेच औषध या चाळणीतून खाली उतरते. अपस्मार होण्याची प्रक्रिया जे थांबवील त्याची येथे परीक्षाच होत नाही. पुढील सु. सत्तर वर्षे औषधांचा शोध मुख्यतः याच चाळणीतून चालला. याची दोन ठळक उदाहरणे देता येतील. ग्रनॉबल येथे प्येअर एमार यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत काही संयुगे विरघळविण्यासाठी व्हॅल्प्रोइक अम्ल वापरले. सर्वच संयुगे गुणकारी दिसू लागली, तेव्हा गुण द्रावकाचा आहे हे उमगले. हे अम्ल १८८२ पासून माहीत होते. उलट लेव्हेटिरासिटॅम नेहमीच्या चाळणीत नापास झाले होते. दीर्घकाळ चेतविलेल्या मेंदूवरील प्रयोगात त्याचा गुण दिसला, १९९९ मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले आणि आज ते सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे. व्हॅल्प्रोएट गर्भवतीने घेतल्यास अर्भकात जन्मजात व्यंगे व बौद्धिक विकासातील उणिवा यांचे प्रमाण वाढते, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. त्यामुळे प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये, असा संकेत आता रूढ आहे.

शस्त्रक्रिया व तिचे मोल : मॉन्ट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांनी १९३४ मध्ये तंत्रिकाविज्ञान संस्था स्थापन केली. रोगी जागा ठेवून, केवळ कवटीवरील भाग बधिर करून, ते उघड्या मेंदूवर सौम्य विद्युत् प्रवाह देत व रोग्यास काय जाणवते ते विचारीत. वाचा व हालचाल यांची केंद्रे वाचवून रोगट भाग काढणे यामुळे शक्य झाले आणि मेंदूच्या बाह्यकाचा नकाशाही तयार झाला. पेनफील्ड व हर्बर्ट जास्पर यांचा या अनुभवावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. या संस्थेत शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तंत्रिका शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि ही परंपरा भारतात आली.

शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक प्रकरण वेगळे सांगणे भाग आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही शंखखंडांचा आतील भाग काढला. झटके बरेच कमी झाले. पण त्या दिवसापासून त्यास नवी कोणतीही घटना लक्षात ठेवता येईना. काही मिनिटांपूर्वी भेटलेली व्यक्ती त्यास पुन्हा अनोळखी वाटे. ब्रेन्डा मिल्नर यांनी त्याचा अभ्यास केला व १९५७ मध्ये स्कोव्हिल यांच्यासह तो प्रसिद्ध केला. आरशात पाहून चांदणीची आकृती काढण्यासारखे कसब तो दिवसेंदिवस सुधारीत असे, मात्र आपण हे पूर्वी केले आहे हे त्यास आठवत नसे. प्रसंगांची स्मृती आणि हाताच्या कसबाची स्मृती मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी असते, हे स्मृतिविज्ञानाचे पायाभूत ज्ञान असे एका माणसाच्या हानीतून मिळाले. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो जगाला केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी माहीत होता. त्यानंतर दोन्ही बाजूंची अशी शस्त्रक्रिया वर्ज्य ठरली.

एका बाजूच्या शंखखंडावरील शस्त्रक्रियेचे मोल निर्विवादपणे ठरण्यास २००१ साल उजाडले. कॅनडात सॅम्युएल वीब व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून, एका गटास शस्त्रक्रियेसाठी घेतले व दुसऱ्यास औषधांवर ठेवले. एक वर्षानंतर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५८% व दुसऱ्यात ८% भरले. औषधांच्या गटातील एका रुग्णाचा त्या वर्षात मृत्यू झाला. अनियंत्रित झटके जिवावर बेततात, विशेषतः झोपेत अकस्मात मृत्यूची शक्यता असते, याची ही आठवण होय. एवढे असूनही योग्य रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे जातात. भारतात १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने माफक खर्चात ही शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने करून दाखविली आहे.

न हललेला आकडा : ग्लासगो येथे पॅट्रिक क्वॅन व मार्टिन ब्रॉडी यांनी उपचार नव्याने सुरू झालेल्या ५२५ रुग्णांचा पाठपुरावा करून २००० मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्याच औषधाने ४७% रुग्णांचे झटके थांबले. दुसऱ्या औषधाने आणखी १३% रुग्णांना गुण आला. तिसऱ्या औषधापासून मात्र यश अगदी थोड्यांना मिळाले. एकूण ६३% रुग्ण झटक्यांपासून मुक्त झाले. दोन योग्य औषधे निष्फळ ठरल्यास अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, ही पुढे २०१० मध्ये रूढ झालेली व्याख्या याच प्रकारच्या पुराव्यावर उभी आहे. त्याच केंद्रातील १,७९५ रुग्णांचा तीस वर्षांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात डझनाहून अधिक नवी औषधे बाजारात आली होती. मुक्त झालेल्यांचे प्रमाण भरले ६३·७%.

नवी औषधे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांपैकी पुष्कळ औषधे सोसण्यास सोपी आहेत, इतर औषधांशी त्यांचा कमी संघर्ष होतो आणि काही गर्भवतींसाठी अधिक सुरक्षित आहेत. परंतु उरलेला एक-तृतीयांश भाग जवळजवळ तेवढाच राहिला, आणि या विषयातील पुढील सर्व प्रयत्नांना हीच गोष्ट दिशा देत आहे. औषधांनी मूळ प्रवृत्ती बदलत नाही याचा पुरावा त्याआधीच मिळाला होता : १९९० मध्ये नॅन्सी टेम्किन यांनी डोक्यास गंभीर इजा झालेल्या ४०४ व्यक्तींवरील चाचणीत दाखविले की, फेनिटॉइन पहिल्या आठवड्यातील झटके टाळते, पण नंतर उद्‌भवणारा अपस्मार टाळीत नाही. या औषधांना पूर्वी ‘अपस्माररोधक’ म्हणत. अलीकडे ‘झटकारोधक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा नावातील बदल केवळ शाब्दिक नाही.

प्रवृत्तीच्या शोधात : एकदा आलेला झटका पुढच्याची वाट मोकळी करतो, असे विल्यम गावर्स यांनी १८८१ मध्येच सुचविले होते. १९६० नंतरच्या दशकात ग्रॅहॅम गोडार्ड यांना उंदरांच्या मेंदूस रोज दिलेल्या अगदी सौम्य उत्तेजनाने, ज्याने आरंभी काहीच घडत नसे, काही दिवसांनी पूर्ण झटके येऊ लागलेले आढळले. निरोगी मेंदू ‘पेट घेण्यास’ कसा शिकतो हे यामुळे प्रयोगशाळेत पाहता येऊ लागले. कोशिकांच्या पातळीवर सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम या आयनांचे कोशिकावरणातील मार्ग, उत्तेजन देणारे ग्लुटामेट आणि निरोध करणारे गॅमा अमिनोब्युटिरिक अम्ल यांचा समतोल ढळणे, हे झटक्याचे तात्कालिक स्वरूप आता बरेच स्पष्ट झाले आहे. दाह, आधारकोशिकांतील बदल व तंत्रिका जाळ्यांची नव्याने होणारी जुळणी यांचा वाटा अजून तपासला जात आहे.

आनुवंशिकीने या शोधाला वेगळे वळण दिले. १९९५ मध्ये झोपेत येणाऱ्या एका आनुवंशिक अपस्माराशी निगडित असलेला पहिला जीन (आनुवंशिक एकक) सापडला. २००१ मध्ये शार्लॉट द्राव्हे यांनी १९७८ साली वर्णिलेल्या तीव्र बालअपस्मारामागे सोडियम मार्गाच्या जीनातील दोष असल्याचे कळले. हा मार्ग मुख्यतः निरोधक कोशिकांना लागतो. त्यामुळे सोडियम मार्ग रोखणारी फेनिटॉइन व कार्बामाझेपीन यांसारखी नेहमीची औषधे या मुलांचा विकार वाढवितात. हे कळण्यापूर्वी अशा मुलांना वर्षानुवर्षे नेमकी तीच औषधे दिली जात. निदानाने उपचार बदलावा, असे अपस्मारातील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण ठरेल. सदोष जीनाची निर्मिती वाढविणाऱ्या पूरक न्यूक्लिइक अम्लांच्या चाचण्या याच विकारात चालू झाल्या असून, प्रयोगशाळेत वाढविलेल्या निरोधक कोशिका शंखखंडात रोवण्याच्या आरंभीच्या चाचण्याही काही रुग्णांवर झाल्या आहेत. संख्या लहान आहे. घाईने आशा बांधणे योग्य नव्हे.

अपस्मार होण्यापूर्वीच तो टाळण्याचा प्रयत्न कंदयुक्त दृढन या आनुवंशिक विकारात झाला, कारण त्यात बाळाचे निदान झटके सुरू होण्यापूर्वी होऊ शकते. विगाबॅट्रिन लवकर दिल्यास लाभ होतो असे यूरोपातील २०२१ च्या अभ्यासात दिसले, तर अमेरिकेतील २०२३ च्या अभ्यासात बौद्धिक विकासात फरक आढळला नाही. प्रश्न सुटलेला नाही. परंतु प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला, हीदेखील प्रगतीच होय.

द्राव्हे लक्षणसमूहासाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या कॅनाबिडिऑल या औषधाचा धागा भारतापर्यंत जातो. कलकत्त्यातील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये भांगेच्या वनस्पतीच्या अर्काने एका तान्ह्या बाळाचे झटके आवरल्याचे नोंदविले होते. ब्राझीलमध्ये १९८० मध्ये या वनस्पतीतील गुंगी न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलाची लहान चाचणी झाली, पण मादक पदार्थांच्या कायद्यांच्या सावटाखाली ती पुढे सरकली नाही. विधिवत चाचण्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले.

झटक्यांचे भाकीत करता येईल काय, हा दुसरा मोठा प्रश्न. रुग्णाच्या दृष्टीने झटक्याइतकीच त्याची अनिश्चितता जाचक असते. मेलबर्न येथे १५ रुग्णांच्या मेंदूवर नोंदणी-साधन बसवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून व नंतरच्या दीर्घ नोंदींतून असे दिसले की, पुष्कळ रुग्णांत झटक्यांच्या संभाव्यतेला दिवसाची व त्याबरोबर अनेक दिवसांची, कधी तीन-चार आठवड्यांची, लय असते. अमावास्या-पौर्णिमेस फेफरे वाढते या समजुतीमागे अशा लयींचे अर्धवट निरीक्षण असू शकेल. पण प्रत्येकाची लय निराळी असून चंद्रकलांशी तिचा संबंध दिसत नाही. झटक्याचा आरंभ ओळखून तत्काळ प्रवाह देणारे साधन अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे. त्याने झटके घटतात. पूर्ण मुक्ती मात्र थोड्यांनाच मिळते, आणि किंमत भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

भारतातील संशोधन : मुंबईतील पारशी वसाहतींत राहणाऱ्या १४,०१० व्यक्तींची पाहणी नादिर भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात अपस्माराचे प्रमाण हजारी ४·७ व सक्रिय अपस्माराचे ३·६ आढळले. कर्नाटकातील येळंदूर येथील ग्रामीण पाहणीतही प्रमाण हजारी सु. ४·६ होते. विकाराचे प्रमाण शहर व खेडे यांत जवळपास सारखे, उपचाराचे मात्र अजिबात सारखे नाही. येळंदूर येथे के. एस. मणी यांनी फिनोबार्बिटोन व फेनिटॉइन ही दोनच जुनी औषधे गावपातळीवर नियमित पुरवून दाखविले की, बहुसंख्य रुग्णांचे झटके आवरता येतात; हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतीय संशोधनाचे सर्वांत मौलिक योगदान एका जंताविषयी आहे. डुकरातील फीतकृमीची (टीनिया सोलियम) अंडी माणसाच्या पोटात गेल्यास अळी मेंदूत कोश करून राहते. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत वर्षांनंतर उद्‌भवणाऱ्या फेफऱ्याचे हे कारण असल्याचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्षात आले. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास डिक्सन व लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सीटी स्कॅन उपलब्ध झाल्यावर भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच लहान, कडेने चकाकणारा ठिपका वारंवार दिसू लागला. देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने ती क्षयाची गाठ समजून रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोर येथील मॅथ्यू चँडी, वेदांतम् राजशेखर व सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि त्या बहुधा मरू घातलेल्या अळीच्या असतात, हे १९८९ मध्ये दाखवून दिले. अनेकदा त्या आपोआप विरून जातात. शाकाहारी माणसास हा विकार होत नाही, ही समजूत चुकीची आहे. डुकराचे कच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याच्या विष्ठेतील अंडी मात्र पाणी, न धुतलेली पालेभाजी वा अस्वच्छ हात यांच्याद्वारे कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. म्हणून अपस्माराचा हा प्रकार औषधापेक्षा शौचालयाने अधिक टळणारा आहे. पेरू देशाच्या उत्तर भागात शंभराहून अधिक गावांत माणसांवर व डुकरांवर एकाच वेळी उपचार करून आणि डुकरांना लस टोचून या जंताचा प्रसार बहुतेक ठिकाणी थांबविता आल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

कायदा व समाज : विज्ञान व समाज यांच्यातील अंतर भारतीय कायद्यात स्पष्ट उमटलेले आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ मध्ये संमत झाला, तेव्हा विवाहाच्या अटींत अपस्माराचा उल्लेख नव्हता. फेनिटॉइन चार दशके वापरात असताना, १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांबरोबर अपस्माराच्या झटक्यांचाही त्यात समावेश झाला. चरकांनी उन्मादापासून वेगळा काढलेला विकार विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात पुन्हा त्याच्या शेजारी बसविला गेला. भारतीय अपस्मार संघटना व तंत्रिकाविज्ञ यांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने तो उल्लेख हिंदू विवाह अधिनियम व विशेष विवाह अधिनियम या दोहोंतून वगळला. लपवाछपवी तेवढ्याने संपली नाही. विवाह ठरताना मुलीचा आजार दडविणे आणि त्यासाठी तिची औषधे बंद करणे, हे झटके पुन्हा उद्‌भवण्याचे कारण डॉक्टरांना अजूनही आढळते. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी अपत्ये होतात. औषधाची निवड व मात्रा गर्भधारणेपूर्वीच ठरवून घ्यावी लागते.

अल्प उत्पन्नाच्या देशांत सु. तीन-चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नाहीत. योग्य उपचार मिळाल्यास ७०% पर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. अपस्मारावरील ठराव जागतिक आरोग्य सभेने २०१५ मध्ये संमत केला आणि २०२२ मध्ये दहा वर्षांची कृतियोजना स्वीकारली. २०३१ पर्यंत अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५०% वाढविणे आणि ८०% देशांनी रुग्णांच्या मानवी हक्कांचे रक्षण करणारे कायदे करणे वा असलेले सुधारणे, अशी दोन उद्दिष्टे या योजनेत आहेत.